तिकालचा चौक

रविवार, २९ जानेवारी २००६, रायस्वाइक (नेदरलँड्स)

बाहेर दोन अंश, घरात वीस. दोन्ही माझ्या थर्मामीटरवर पाहिले. यतीनच्या भिंतीवरचं यंत्र अर्धा अंश जास्त दाखवतं.

चौतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये रोज लॉगबुक लिहिलं, त्यातली शेवटची अकरा फोरमन म्हणून. निवृत्त झाल्यावर लिहिण्यासारखं काही उरलं नाही. काल विमानतळावरून येताना यतीन म्हणाला, "बाबा, तीन महिने नुसते बसून राहाल तर आईला पिडाल. लॉगबुक सुरू करा." चिरंजीवांनीच ही वही दिली. रेघा चांगल्या आहेत, समांतर आहेत.

सामानात माझी स्पिरिट लेव्हल आणली आहे. पाणसळच, पण गवंड्याची नाही, आमची. मीटरभर लांबीत दोन शतांश मिलिमीटरचा फरक असला तरी बुडबुडा सरकतो. साधना चिंचवडला बॅग भरताना म्हणाली, "लोक मुलाकडे लोणचं नेतात, तुम्ही पाणसळ न्या." लोणचं तिने आणलं आहेच. विमानतळावर कस्टमवाल्याने लेव्हल बाहेर काढायला लावली. मी ती त्याच्याच टेबलावर ठेवली आणि टेबल किती कललं आहे ते दाखवलं. त्याने हसून जाऊ दिलं.

या घरात स्वयंपाकघराचा ओटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार मिलिमीटर खिडकीकडे उतरतो. सूनबाईंना सांगितलं. कीर्ती म्हणाली, "बाबा, भाड्याचं घर आहे."

नात अकरा वर्षांची झाली. वैदेहीने मला घट्ट मिठी मारली आणि मग दिवसभरात मोजून सहा वाक्यं बोलली.

गुरुवार, २ फेब्रुवारी

आज घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली. यतीन आणि कीर्ती शाळेत जाऊन आले.

इथे पोर बारा वर्षांचं व्हायच्या आतच ठरतं की पुढे कुठल्या शाळेत जायचं. विद्यापीठाकडे नेणारी शाळा ती व्हेवेओ. तिच्या खालची हावो. वर्गशिक्षिका सल्ला देते, आणि नाव सल्ल्याचं असलं तरी तो निकालच. वैदेहीला व्हेवेओ हवी आहे. तिला हाडं-खापरं उकरून काढणाऱ्या लोकांत जायचं आहे, म्हणजे पुरातत्त्वात. हे मला कीर्तीने सांगितलं, नातीने नाही.

शिक्षिकेला मुलं युफ म्हणतात, आपल्याकडे बाई म्हणतात तसं. या युफ अन्नेके. त्यांनी यतीनला तोंडावर सांगितलं: मुलीचे गुण उत्तम, पण ती वर्गात तोंड उघडत नाही. उत्तर येत असून हात वर करत नाही. गणिताच्या पुस्तकात एक उदाहरण चुकीचं छापलं होतं. वैदेहीने वहीत बरोबर करून लिहिलं आणि गप्प बसली. सगळा वर्ग चुकीचं सोडवत राहिला. गेल्या वर्षी वर्गापुढे बोलायची पाळी आली, तेव्हा दोन मिनिटांत रडून जागेवर जाऊन बसली. "मी सध्या हावोकडे झुकले आहे," बाई म्हणाल्या. "९ मार्चला तिची पुन्हा पाळी आहे. तेव्हा काय करते ते पाहते आणि १५ तारखेला सांगते."

या पाळीला इथे स्प्रेकबर्ट म्हणतात. आपला विषय निवडायचा आणि पंधरा मिनिटं बोलायचं.

मला राग आला. शांत मूल गुणी असतं, हे यांना कोणी सांगायचं? वैदेही माझ्यावर गेली आहे. मीसुद्धा कामाच्या जागी कधी तोंड वाजवलं नाही, तरी फोरमन झालो.

रविवार, ५ फेब्रुवारी

आज लायडनच्या संग्रहालयात गेलो. वैदेहीने विषय निवडला आहे: तिकाल. ग्वाटेमालाच्या जंगलातलं माया लोकांचं शहर. हजार-अकराशे वर्षांपूर्वी ओस पडलं आणि झाडांनी गिळलं. मी नाव ऐकलं नव्हतं, पण तसं बोललो नाही.

लायडनला का, तर तिथे हिरव्या जेड दगडाची एक पट्टी आहे. ती मूळची तिकालची असावी असं अभ्यासक म्हणतात. वीतभर लांब, चार बोटं रुंद. एका अंगाला राजा, त्याच्या पायाशी पडलेला कैदी. दुसऱ्या अंगाला तारीख कोरली आहे, आपल्या हिशेबाने इसवी सन ३२०. वैदेहीने काचेला नाक लावलं आणि आपणहून बोलली, "आजोबा, दे हॅड नो आयर्न. लोखंड नव्हतं त्यांच्याकडे."

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. जेड म्हणजे पोलादी कानसही घसरेल असला दगड. लोखंडाशिवाय त्यावर केसाएवढ्या रेघा, आणि कुठे हात घसरलेला नाही. असा कारागीर माझ्या टूलरूममध्ये असता तर मी त्याला स्वतः चहा नेऊन दिला असता. अर्धा तास तिथेच उभा होतो. साधना बाकावर बसून म्हणाली, "लग्नासाठी मला बघायला आलात तेव्हा पाच मिनिटंसुद्धा बघितलं नव्हतंत."

बुधवार, ८ फेब्रुवारी

ठरलं. पोरीला बोलता येत नसेल तर काम बोलेल. मी तिकालचं मॉडेल करून देणार.

घरच्या गणपतीची आरास मी अडतीस वर्षं केली आहे. थर्माकोलची देवळं सोसायटीत माझ्याइतकी कोणी कापत नाही. वैदेहीच्या लायब्ररीच्या पुस्तकात शहराचा नकाशा आहे, त्याची प्रत काढून आणली. पुस्तकातला मजकूर डच, पण मला नकाशा पुरतो. मध्ये मोठा चौक, त्याच्या दोन बाजूंना दोन उंच देवळं एकमेकांकडे तोंड करून, एका अंगाला राजवाडे, त्यांच्या खाली पाण्याची टाकी. दोनशेला एक असं प्रमाण धरलं. मोठं देऊळ सत्तेचाळीस मीटर, म्हणजे साडेतेवीस सेंटिमीटर.

यतीन म्हणाला, "बाबा, इथे सगळं मुलांनीच करायचं असतं. युफला नाही आवडत पालकांनी केलेलं."

"मी पालक नाही, आजोबा आहे," मी म्हटलं.

वैदेहीला विचारलं, "करू ना गं?" ती हो म्हणाली. ती कशालाही हो म्हणते, गुणी आहे.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

प्लायवूडचा पाट १२० बाय ८०. मोठं देऊळ उभं राहिलं. नऊ टप्पे, मधून पायऱ्यांची उतरंड, वर तुरा. थर्माकोलला इथे पीपस्खाउम म्हणतात. दुकानातल्या माणसाला मी हातवारे करून दाखवलं, तरी समजलं. कापायला तार तापवून वापरली. कीर्तीच्या घरात वास सुटला, पण ती काही बोलली नाही. चांगली मुलगी आहे.

वैदेही शाळेतून आली की शेजारी उभी राहते. आज म्हणाली, "आजोबा, तिकालला नदी नाही."

"नदी नाही? मग एवढी माणसं पीत काय होती?"

"पावसाचं पाणी. टाक्यांमध्ये. तिथे खाली."

"मग झालं की. पाऊस टाकीत पडत असणार."

"हो, बट चौक…" ती म्हणाली, आणि तेवढ्यात मी कापलेला तुरा घसरला. तो सावरण्यात तिचं बोलणं राहून गेलं.

टाकीच्या जागी ॲल्युमिनियमचा केकचा ट्रे बसवणार आहे. त्यात खरं पाणी भरायचं. मुलं बघतच राहतील.

बुधवार, २२ फेब्रुवारी

आजचा दिवस लाल शाईने लिहावा असा.

चौक झाला. प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर दिला, पट्टीने खरवडला, तीन नंबरच्या पॉलिशपेपरने घासला, वर एनॅमलचे दोन हात. मग लेव्हल ठेवली, उभी, आडवी, तिरकी. बुडबुडा मधोमध, कुठेही हलला नाही. स्वयंपाकघरातला ओटा चार मिलिमीटर कललेला आणि त्यावर ठेवलेला माझा चौक शतांशात सपाट! खाली कागदाच्या घड्या लावून तेवढं जमवलं होतं. साधनाला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "पोळ्या कुठे लाटू?"

वैदेही आली. इथे आता शाळेच्या आवारात मुलं गोट्या खेळायला लागली आहेत, तिच्या दप्तराला गोट्यांची पिशवी असते. तिने एक गोटी काढून चौकाच्या मधोमध ठेवली. गोटी हलली नाही. तिने ती टाकीच्या बाजूला ठेवली. तिथेही नाही. मग देवळाच्या पायरीशी. मग वाकून हळूच फुंकर मारली. गोटी दोन बोटं सरकली आणि थांबली.

"बघ," मी म्हटलं. "असा चौक माया लोकांनासुद्धा जमला नसेल."

"नाही जमला," ती म्हणाली.

मला फार बरं वाटलं. पोरीला कामाची पारख आहे.

रविवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. साधनाने हेगमधल्या सुरिनामी दुकानातून साबुदाणा मिळवला. खिचडी थोडी चिकट झाली, पण उपास पार पडला.

दुपारी श्यामकांतचा फोन आला, दर रविवारी येतो तसा. वैदेहीने विचारलं, हे कोण. सांगितलं: माझा मित्र, टूलरूममधला, माझ्याहून दोन वर्षं मोठा. मिलिंगला त्याच्यासारखा हात पुण्यात नव्हता. मग ती विचारत गेली आणि मी सांगत गेलो. हे मी साधनालाही पुरतं सांगितलेलं नाही.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. वर्क्स मॅनेजर साहेबांनी एका जिगचं ड्रॉइंग स्वतः काढलं होतं. जिग म्हणजे नग बरोबर जागी धरून ठेवणारा साचा. मापं चुकीच्या बाजूने धरली होती. मी जिग सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजायच्या सपाट लादीवर ठेवला, मोजलं, पुन्हा मोजलं. चूक साहेबांची. दुसऱ्या दिवशी मीटिंग होती, सगळे होते. साहेब ड्रॉइंग अभिमानाने दाखवत होते. मी गप्प बसलो. चारशे नग भंगारात गेले आणि खापर मशीनवर होता त्याच्यावर फुटलं, श्यामकांतवर. त्याची बदली स्टोअरला झाली. निवृत्त होईपर्यंत तो पावत्या फाडत राहिला.

"तुम्ही का नाही सांगितलं?" वैदेही म्हणाली.

"साहेबांना सगळ्यांसमोर कसं सांगणार?"

"ते रागावले असते?"

मी विचार केला. "रागावले नसते. चांगला माणूस होता. त्यांना वाईट वाटलं असतं. एवढ्या हौसेने केलं होतं त्यांनी."

तिने मॉडेलकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. हौसेने केलेलं असलं की सांगता येत नाही."

किती समजूतदार आहे पोरगी. मला उगीच मोकळं वाटलं आणि जरा लाजही वाटली. लहान मुलीला हे सांगायला नको होतं.

शुक्रवार, ३ मार्च

शाळेला सुट्टी आहे म्हणून भाषणाची तयारी चालू आहे. मी मराठीत लिहून दिलं, वैदेहीने डच केलं. "आदरणीय गुरुजन आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो" अशी सुरुवात, शेवटी "तिकाल हे मानवी कर्तृत्वाचं उत्तुंग शिखर आहे." शाळेत असताना मी याच धाटणीच्या भाषणाला जिल्ह्यात दुसरं बक्षीस मिळवलं होतं. रोज सकाळी आणि संध्याकाळी पाठ म्हणून घेतो. कुठे हात वर करायचा, कुठे थांबायचं, सगळं बसवलं आहे. अडखळत नाही, पण चेहरा दगडासारखा असतो.

यतीन म्हणाला, "बाबा, इथे पाठ केलेलं आवडत नाही. तिचं ती बोलली पाहिजे."

"बोलली तर ना," मी म्हटलं. दारात वैदेही उभी होती हे नंतर लक्षात आलं. तेवढ्यावरून रात्री जेवण गेलं नाही मला.

झोपायला जाताना ती आली. "आजोबा, एक सांगू? चौक…"

"काय, चौकाला काय झालं? पोपडा उडाला की काय?"

"नाही. छान आहे," ती म्हणाली आणि वर गेली.

गुरुवार, ९ मार्च

सकाळी सात अंश, वारा सोसाट्याचा. आज लांब लिहिणार आहे.

मॉडेल चादरीत गुंडाळून एका बाजूला यतीन, दुसऱ्या बाजूला मी, असं शाळेपर्यंत चालत नेलं. तिकाल दोनदा उडायच्या बेतात होतं. यतीन तिथूनच आपल्या स्लोटरडाइकच्या ऑफिसला गेला. उचलायला मदत केली म्हणून युफ अन्नेकेंनी मला थांबू दिलं. उंच बाई, खणखणीत हात मिळवतात. मला मागे मुलांची खुर्ची दिली. गुडघे छातीला लागत होते.

सव्वीस मुलं. मॉडेलवरची चादर काढली तेव्हा वर्ग "ओऽऽ" म्हणाला. खोटं कशाला लिहू, माझी छाती फुगली. युफ मात्र मॉडेलकडे बघून माझ्याकडे बघायला लागल्या आणि त्यांच्या भुवया जवळ आल्या.

वैदेही पुढे उभी राहिली. हातात कागद. भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी.

ती बोलेना.

मी मनात म्हणत होतो, आदरणीय गुरुजन, आदरणीय गुरुजन. मिनिटकाटा एक घर सरकला. पुढच्या बाकावरची दोन मुलं कुजबुजली. गेल्या वर्षीचं तेच होणार असं वाटलं. सल्ला, शाळा, हाडं-खापरं, सगळं त्या एका मिनिटात जाताना दिसत होतं आणि मला खुर्चीतून उठताही येत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हण म्हण अशी. तिने मॉडेलकडे पाहिलं. मग कागद घडी करून टेबलावर ठेवला.

कपाटातून तिने एक जाडजूड नकाशांचं पुस्तक काढलं. मॉडेलची टाकीपासून लांबची कड उचलली. मी अर्धवट उठलो; वाटलं, पाडते आता. तिने पुस्तक कडेखाली सरकवलं. माझी देवळं कलली. साडेतीन आठवड्यांचं काम तिरकं उभं राहिलं. मग तिने पिशवीतून गोटी काढून चौकात ठेवली. गोटी सुटली, सगळा चौक ओलांडून टाकीत डुबकन पडली. मुलं हसली. तिने पाणी प्यायची बाटली उघडली आणि वरून हळूहळू, पाऊस पडावा तसं, चौकावर ओतलं. पाणी पसरलं, एकत्र झालं आणि सरळ टाकीत गेलं. सगळा वर्ग उभा राहून बघत होता.

तेव्हा ती बोलली. डच मला येत नाही. दोन शब्द कळले, ओपा आणि फाउट. ओपा म्हणजे आजोबा. सव्वीस तोंडं माझ्याकडे वळली.

फाउट म्हणजे चूक, हे विचारायची गरज नव्हती. पाणी वाहताना पाहिलं आणि मला सगळं समजलं. नदी नाही, विहीर नाही. पावसाळ्यात पडेल तेवढं साठवायचं आणि वर्षभर प्यायचं. नुसत्या टाकीत पडून किती पडणार? म्हणून त्यांनी सगळा चौक, राजवाड्यांची सगळी अंगणं चुन्याने गिलावून टाकीकडे उतरती केली. डोळ्यांना सपाट वाटेल आणि पाण्याला ढाळ मिळेल इतकीच. हजारो माणसांची तहान त्या ढाळावर भागत होती. आणि मी लेव्हल लावून, पॉलिशपेपर मारून, त्यांचं शहर कोरडं करून ठेवलं होतं. असा चौक त्यांना जमला नाही म्हणे! त्यांनी तो करायचाच नव्हता.

कानशिलं तापली. पहिल्या क्षणी रागच आला, लिहून ठेवतो. सगळ्यांसमोर, परक्या लोकांत, माझ्या तोंडावर. मग नीट पाहिलं. वैदेहीने बाटली छातीशी घट्ट धरली होती आणि ती बोलत होती. घाबरत घाबरत, पण थांबत नव्हती. एका मुलाने काही विचारलं, तिने उत्तर दिलं. दुसऱ्याने विचारलं, ती "ने" म्हणाली, म्हणजे नाही, आणि त्याला नकाशावर बोट ठेवून समजावलं. पंधराची बावीस मिनिटं झाली. युफनी थांबवलं नाही.

मला अठ्ठ्याऐंशी सालची ती मीटिंग आठवली. मी बेचाळीस वर्षांचा बाप्या होतो, हातात पुरावा होता, आणि जमलं नव्हतं. माझी अकरा वर्षांची नात ते माझ्यावरच करून दाखवत होती. इतका अभिमान मला फोरमन झालो तेव्हाही वाटला नव्हता. टाळ्या वाजल्या तेव्हा मीही वाजवल्या, जरा जास्तच वेळ.

साडेतीनला ती घरी आली. दप्तर न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

"आजोबा, आर यू अँग्री?"

"नाही. तुला केव्हापासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून. पुस्तकात होतं, नकाशाच्या खाली."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि आज?"

तिने बुटाच्या टोकाने फरशी घासली. "आज सगळे चुकीचं शिकले असते. आणि मला श्यामकांत आजोबांची आठवण आली. ते स्टोअरमध्ये बसलेले."

साधनाने आतून पोह्यांची बशी आणून दोघांच्या मध्ये ठेवली.

शुक्रवार, १० मार्च

मागची पानं वाचली. २२ फेब्रुवारीला सगळं माझ्याच हाताने लिहिलेलं आहे, गोटी, फुंकर, "नाही जमला". १४ तारखेलाही, ३ मार्चलाही. तीनदा सांगायला आली होती. लॉगबुक चोख ठेवायचं आणि वाचायचं नाही, अशी माझी तऱ्हा.

युफनी मॉडेल शाळेच्या दालनात ठेवायचं म्हटलं आहे. नकाशांचं पुस्तक त्यांना परत हवं. यतीन म्हणाला, "बाबा, चौक पुन्हा करून देता का, उतरता?" मी नाही म्हटलं. चौक तसाच राहील. त्याच्याखाली घालायला बीचच्या लाकडाची पाचर केली, मीटरला वीस मिलिमीटर ढाळ येईल अशी. जन्मात पहिल्यांदा मुद्दाम तिरकं काम केलं, पण तिरकं असलं तरी मापात आहे.

पुढे चिठ्ठी लावायची होती. मी म्हटलं, वैदेहीचं नाव लाव. तिने दोन नावं लिहिली, वैदेही आणि ओपा, आणि खाली डचमध्ये एक ओळ. अर्थ विचारला. "पाचर काढू नका, चूक परत येईल," असं लिहिलं आहे म्हणे.

बुधवार, १५ मार्च

यतीन, कीर्ती आणि वैदेही युफकडे गेले होते. मी आणि साधना खिडकीशी उभे. वैदेही सायकलवरून सर्वांत पुढे येताना दिसली आणि साधना म्हणाली, "झालं काम."

व्हेवेओ.

यतीनने सगळं सांगितलं. युफ म्हणाल्या, मॉडेल बघून मला वाटलं होतं की हेही घरच्यांनीच केलं, मुलीचं काहीच नाही. पुस्तक खाली सरकवलं तेव्हा मत बदललं. तरी त्यांनी वैदेहीला विचारलं, तुला स्वतःला काय वाटतं? तिने सांगितलं, मला व्हेवेओ झेपेल, आणि गणिताच्या पुस्तकातली आणखी एक चूकही सांगितली, पान एकशे बारा. युफनी तिथेच फॉर्म भरला. यतीन हे ऐकवताना दोनदा थांबला. माझा मुलगाही माझ्यासारखाच, डोळ्यांत पाणी आलं की चष्मा पुसतो.

साधनाने शिरा केला. मी तीन वाट्या खाल्ला.

रविवार, १९ मार्च

आज श्यामकांतच्या फोनची वाट पाहिली नाही. मीच फोनकार्ड आणून फोन लावला. सगळं सांगितलं. जिग, प्लेट, दोनदा मोजलेलं, मीटिंग.

श्यामकांतने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माहीत होतं रे."

"कसं?"

"मी त्या दिवशी मशीनवरूनच बघत होतो. तू जिग प्लेटवर दोनदा ठेवलास. जे चुकलेलं असतं तेच तू दोनदा मोजतोस."

"अठरा वर्षं माहीत होतं? आणि तरी दर रविवारी फोन करतोस?"

"राग होता की. पहिली चार-पाच वर्षं तुझ्या घरी आलो नव्हतो, आठवतंय? मग राग संपला. तू कधी सांगतोस एवढंच राहिलं होतं." पुढे म्हणाला, "आता का सांगितलंस?"

मग मी वैदेहीबद्दल सांगायला लागलो. गोटी, पाणी, छातीशी धरलेली बाटली, एकशे बारावं पान. कार्ड संपेपर्यंत तेच सांगत होतो. श्यामकांत मध्ये फक्त एकदाच बोलला, ढाळ मीटरला किती दिलास, एवढं विचारायला.

फोन ठेवून स्वयंपाकघरात आलो तर वैदेही ओट्याशी वाकलेली. माझी लेव्हल ओट्यावर, एका टोकाखाली कागदाच्या पट्ट्या सरकवून ती बुडबुडा मधोमध आणत होती, मी शिकवलं तसं. मी दारातच उभा राहिलो. तिने पट्ट्या मोजल्या, लांबीशी गुणाकार केला, पुन्हा केला.

"आजोबा," ती मागे न वळता म्हणाली, "तुम्ही आईला चार सांगितलं होतं ना? चार नाहीये. पाच आहे."

मी चष्मा लावून स्वतः मोजलं. पाच आहे.